निकाल हेगचा, अंमल घरचा

कुठे युद्ध पेटले की एक वाक्य हमखास ऐकू येते: आंतरराष्ट्रीय कायदा वगैरे सगळे थोतांड, शेवटी बळी तो कान पिळी. असे म्हणणाऱ्यांच्या हाती पुरावा भरपूर आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १६ मार्च २०२२ रोजी १३ विरुद्ध २ मतांनी रशियाला युक्रेनमधली लष्करी कारवाई स्थगित करायला सांगितले. रणगाडे पुढेच गेले. २०१६ मध्ये लवादाने दक्षिण चीन समुद्रावरचा चीनचा ऐतिहासिक हक्काचा दावा फेटाळला. चीनने तो निकालच अवैध ठरवला. १९८६ मध्ये अमेरिका याच न्यायालयात निकारागुआने भरलेला खटला हरली. निकालाच्या अंमलबजावणीसाठी निकारागुआ सुरक्षा परिषदेत गेला, तेव्हा अमेरिकेने नकाराधिकार वापरून तो ठराव पाडला. हे तिन्ही देश सुरक्षा परिषदेचे कायम सदस्य, म्हणजे ज्यांनी कायदा राखायचा तेच.

तरीही यावरून 'असा कायदाच नाही' असे म्हणणे चुकीचे आहे, आणि 'हेगने निकाल दिला, आता न्याय झाला' असे मानणेही तितकेच भाबडे आहे. दोन्ही बाजूंचे लक्ष हेगच्या न्यायालयाकडे आणि न्यूयॉर्कच्या सुरक्षा परिषदेकडे लागलेले असते. नियम पाळला जाणार की नाही हे मात्र बहुतेक वेळा त्या त्या देशाच्या मंत्रालयात, विधिमंडळात आणि स्थानिक न्यायालयात ठरते. जगाला पोलीस नाही ही उणीव खरी आहे, पण ती नजीकच्या काळात भरून निघणारी नाही. ज्या उणिवा भरून काढता येतात त्यांच्याकडे फारसे कुणी बघत नाही, अशी माझी तक्रार आहे.

आधी हा कायदा येतो कुठून ते पाहू. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतले, म्हणजे त्याच्या मूळ नियमावलीतले, कलम ३८ ही त्याची रूढ यादी: करार, रूढी आणि सुसंस्कृत राष्ट्रांनी मान्य केलेली सर्वसाधारण तत्त्वे. ('सुसंस्कृत' हा शब्द जुन्या काळाची मिजास आहे, आज तो कुणी गांभीर्याने घेत नाही.) न्यायनिवाडे आणि विद्वानांची मते ही फक्त मदतीला.

करार म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे सहीचा समारंभ येतो, पण सही हा मधला टप्पा. वाटाघाटी होतात, मसुदा पक्का होतो, सह्या होतात. मग प्रत्येक देश आपापल्या घटनेनुसार अनुसमर्थन करतो, म्हणजे करार आपल्यावर बंधनकारक असल्याची औपचारिक मान्यता देतो, आणि ठरलेल्या संख्येने अनुसमर्थनाची कागदपत्रे जमा झाली की करार अंमलात येतो. सही केली आणि अनुसमर्थन बाकी आहे अशा देशावर एवढेच बंधन असते की कराराचा हेतूच मोडीत निघेल असे काही करायचे नाही. सर्वंकष अणुचाचणीबंदी करार १९९६ पासून सह्यांसाठी खुला आहे. त्याच्या परिशिष्टात नावे दिलेल्या सगळ्याच्या सगळ्या ४४ देशांनी अनुसमर्थन केल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि ते अजून झालेले नाही. अनुसमर्थन करतानाही देश राखीव अटी घालू शकतात: अमुक कलम आम्हाला लागू नाही, तमुक कलमाचा अर्थ आम्ही असा घेतो. 'आमच्या देशाने करार मान्य केला आहे' हे वाक्य या अटी वाचल्याशिवाय अर्धवटच.

रूढीचे गणित वेगळे. तिथे सही नसते. देशांचे सातत्याचे आणि व्यापक वर्तन लागते, आणि हे आपण सोयीने नव्हे, कायदा म्हणून करतो आहोत ही धारणाही लागते. १९४५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी किनाऱ्यालगतच्या सागरतळावरच्या साधनसंपत्तीवर हक्क सांगितला. निषेध फारसा झाला नाही. उलट इतर देशांनी तीच री ओढली. १९६९ मध्ये उत्तर समुद्राच्या खटल्यात न्यायालयाने हा हक्क किनारी देशाकडे स्वाभाविकपणेच असतो असे म्हटले, त्याला पंचवीसही वर्षे झाली नव्हती. करार कसे करावेत, पाळावेत आणि मोडावेत हे सांगणारा १९६९ चा व्हिएन्ना करार भारताने किंवा अमेरिकेने अनुसमर्थित केलेला नाही. तरी त्यातले बरेचसे नियम रूढी म्हणून दोघेही वापरतात.

आता पाळण्याकडे वळू. आंतरराष्ट्रीय तार संघटना १८६५ ची, टपाल संघ १८७४ चा, नागरी विमानवाहतुकीचा शिकागो करार १९४४ चा. परदेशी पत्र पोहोचते, विमान दुसऱ्या देशाच्या आकाशातून सुखरूप जाते, दोन देशांच्या रेडिओलहरी एकमेकींत घुसत नाहीत. यात बातमी नसते, म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही. नियम मोडणाऱ्याला इथे शिक्षा तत्काळ आणि आपोआप मिळते: तुम्ही आमची विमाने अडवलीत, आम्ही तुमची अडवू.

राजनैतिक संबंधांच्या १९६१ च्या करारात हीच परतफेडीची भीती काम करते. विकिलीक्सचे संस्थापक ज्युलियन असांज जून २०१२ मध्ये लंडनच्या इक्वेडोरच्या दूतावासात शिरले. ती एका इमारतीतली मोजक्या खोल्यांची जागा. बाहेर ब्रिटिश पोलीस, हातात अटकेचे वॉरंट. तरी जवळपास सात वर्षे एकाही पोलिसाने उंबरठा ओलांडला नाही. ११ एप्रिल २०१९ रोजी इक्वेडोरने आश्रय काढून घेऊन आत बोलावले तेव्हाच पोलीस आत गेले. ब्रिटनला इक्वेडोरच्या सैन्याची धास्ती होती असे कुणी म्हणणार नाही. धास्ती होती ती जगभरातल्या आपल्या दूतावासांची. गंमत म्हणजे पुढे २०२४ मध्ये खुद्द इक्वेडोरने कीटोतल्या मेक्सिकन दूतावासात पोलीस घुसवले. मेक्सिकोने त्याच वेळी संबंध तोडले आणि प्रकरण हेगला नेले.

सीमावादातही निकाल पाळले जातात, आणि तेही नाकाला मिरच्या झोंबणारे. १९९४ मध्ये लिबिया आणि चाड यांच्या सीमेवरचा आउझू पट्टा चाडचा ठरला. ज्या लिबियाने त्यासाठी लढाई केली होती त्याने काही महिन्यांत, संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांसमोर, सैन्य मागे घेतले. २०१४ मध्ये बंगालच्या उपसागराच्या वादात लवादाने २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ चौरस किलोमीटर बांगलादेशाला दिले. भारताने निकाल मान्य केला. नायजेरिया आणि कॅमेरून यांच्यातला बाकासी द्वीपकल्पाचा निकाल २००२ चा, सैन्य हलले २००६ मध्ये आणि हस्तांतर पूर्ण झाले २००८ मध्ये. मधल्या काळात संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना दोन्ही अध्यक्षांना समोरासमोर बसवून निकाल अमलात आणण्याचा वेगळा करार करावा लागला. हरणाऱ्याने हे का मान्य करावे? वादग्रस्त समुद्रात तेलकंपन्या पैसा घालत नाहीत. अर्धा पण निर्विवाद तुकडा पूर्ण पण भांडणातल्या तुकड्यापेक्षा जास्त पिकतो. शिवाय सरकारला आपल्या मतदारांपुढे म्हणता येते: आम्ही जमीन सोडली नाही, न्यायालयाने दिली. ही पळवाट राज्यकर्त्यांना फार उपयोगी पडते, आणि मला ती अजिबात गैर वाटत नाही.

मग गाडी अडते कुठे? पहिली अडचण दाराशीच. आंतरराष्ट्रीय न्यायालयात कुठल्याही देशाला त्याच्या संमतीवाचून खेचता येत नाही. दोन्ही देशांनी विशिष्ट वादासाठी करार करून यावे, किंवा एखाद्या करारात 'वाद झाल्यास न्यायालयात जाऊ' असे कलम असावे, किंवा दोघांनीही न्यायालयाचा अधिकार आधीच सर्वसाधारणपणे मान्य करणारी घोषणा केलेली असावी. पाच कायम सदस्यांपैकी अशी घोषणा आज फक्त ब्रिटनची आहे. फ्रान्सने १९७४ मध्ये ती मागे घेतली. अमेरिकेने निकारागुआच्या खटल्यात न्यायालयाचा अधिकार शाबीत होताच १९८५ मध्ये. ज्यांच्या घोषणा आहेत त्यांच्याही अटी पानभर असतात. भारताच्या घोषणेत राष्ट्रकुलातल्या देशांशी होणारे वाद वगळलेले आहेत; १९९९ मध्ये पाडलेल्या पाकिस्तानी विमानाचा खटला २००० मध्ये याच अटीवर अधिकारक्षेत्राअभावी निकाली निघाला.

दार इतके अरुंद असले की खटल्याचा आकारही वेडावाकडा होतो. युक्रेनला खरी तक्रार करायची होती आक्रमणाची. पण संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम २(४) खाली, म्हणजे बळाच्या वापराच्या बंदीखाली, रशियाला न्यायालयात उभे करण्याची सोय नव्हती. दोघांना बांधणारे कलम होते १९४८ च्या वंशसंहारविरोधी करारात. म्हणून युक्रेनने मांडणी केली ती अशी: आम्ही पूर्व युक्रेनमधल्या डोनबासमध्ये वंशसंहार केल्याचा खोटा आरोप करून रशियाने हल्ला केला, म्हणजे त्याने या कराराचा गैरवापर केला. सुरुवातीला सांगितलेला स्थगितीचा अंतरिम आदेश मिळाला. २ फेब्रुवारी २०२४ रोजी मात्र न्यायालयाने सांगितले की बळाचा वापर वैध होता की अवैध हे या कराराखाली आम्हाला तपासता येत नाही. युक्रेनने वंशसंहार केला की नाही एवढेच पाहू. हल्ला झाला एका देशावर, आणि चौकशी उरली ती त्याच देशाच्या वर्तनाची. न्यायाधीशांना यासाठी बोल लावता येणार नाही. दार तेवढेच उघडे होते.

दुसरी अडचण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण ती घरातली आहे. १९६३ च्या वाणिज्य दूतविषयक व्हिएन्ना कराराचे कलम ३६ घ्या. परदेशी माणसाला अटक झाली की त्याला विनाविलंब सांगायचे: तुझ्या दूतावासाला कळवण्याचा तुला हक्क आहे. त्याने हो म्हटले तर कळवायचे. मग दूत येऊन भेटतो, वकील बघून देतो, कुटुंबाला कळवतो. 'विनाविलंब' म्हणजे चौकशी संपल्यावर नव्हे. माणूस परदेशी आहे हे कळले किंवा तसे वाटायला कारण मिळाले की लगेच, असे न्यायालयाने स्पष्ट केले आहे. पाळायला अगदी सोपा नियम, आणि तो मोडतो पोलीस ठाण्यातल्या टेबलावर. ज्या शिपायाने बेड्या घातल्या त्याला हा करार कुणी शिकवलेला नसतो, आणि अटकेच्या छापील अर्जात 'राष्ट्रीयत्व कोणते, हक्क सांगितला का, किती वाजता' असा रकाना नसतो.

अमेरिकेत नेमके हेच झाले. २००४ मध्ये मेक्सिकोच्या खटल्यात न्यायालयाने ५१ मेक्सिकन कैद्यांच्या बाबतीत हा हक्क डावलल्याचे ठरवले आणि त्यांच्या शिक्षांचा फेरविचार करायला सांगितले. अध्यक्ष बुश यांनी राज्यांच्या न्यायालयांनी निकाल पाळावा असा आदेशही काढला. टेक्सास बधले नाही. २००८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी म्हटले: हेगचा निकाल अमेरिकेवर बंधनकारक आहे हे खरे, पण तो आपोआप देशांतर्गत कायदा होत नाही, काँग्रेसने कायदा केला तरच राज्यांना तो लागू होईल. काँग्रेसने केला नाही. ज्याच्या नावाने तो खटला गाजला त्या मेडेयिन या मेक्सिकन कैद्याला ५ ऑगस्ट २००८ रोजी देहदंड दिला गेला. करारांविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराचे कलम २७ म्हणते की देशांतर्गत कायद्याची सबब सांगून करार मोडता येत नाही. मात्र ते कलम दोन देशांच्या व्यवहारात चालते. टेक्सासच्या तुरुंगात त्याचा अंमल चालवायला कुणी नव्हते.

याच कलमावर कुलभूषण जाधव यांचा खटला उभा राहिला. १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी पाकिस्तानने कलम ३६ मोडल्याचे सांगितले, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा आणि त्यासाठी लागल्यास कायदा करा असेही बजावले. सप्टेंबर २०१९ मध्ये भारतीय अधिकाऱ्याची भेट झाली. मे २०२० मध्ये पाकिस्तानने अध्यादेश काढला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेच्या संयुक्त बैठकीत कायदा केला. भेटी मोकळेपणाने होऊ दिल्या नाहीत आणि कायदाही तोकडा आहे ही भारताची तक्रार, आणि ती गंभीर आहे. पण दोन प्रकरणे शेजारी ठेवली तर दिसते काय? कायद्याच्या राज्याचा मोठा अभिमान बाळगणाऱ्या देशात निकालासाठी लागणारा कायदा झालाच नाही. दुसरीकडे, हरलेल्या आणि चिडलेल्या देशात का होईना, निदान कागदावर झाला. निकाल पाळण्याची पहिली पायरी राष्ट्राच्या प्रकृतीपेक्षा विधिमंडळाच्या कामकाजावर अवलंबून असते, ती अशी.

कायदा मोडलाच तर पुढे काय, याचेही नियम आहेत: कृती थांबवा, पूर्ववत करा, जमत नसेल तर पैसे भरा. पीडित देशाला प्रतिउपाय करता येतात, पण आधी मागणी आणि सूचना द्यावी लागते, उपाय नुकसानीच्या प्रमाणात असावा लागतो आणि त्यात बळाचा वापर चालत नाही. ब्राझीलने अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत खटला जिंकला आणि २००९ मध्ये बदल्याचे शुल्क लावण्याची परवानगी मिळवली. शुल्क लागण्याआधीच अमेरिकेने दरवर्षी १४.७३ कोटी डॉलर द्यायचे मान्य केले. २०१४ मध्ये आणखी ३० कोटी देऊन वाद मिटवला. ती यंत्रणा आज लंगडी आहे, कारण अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे तिथले अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद आहे आणि हरलेला देश नसलेल्या मंडळाकडे अपील करून निकाल लटकवून ठेवू शकतो. वसुली संथ असते हेही खरे: कोर्फू सामुद्रधुनीच्या खटल्यात १९४९ मध्ये अल्बानियाने ब्रिटनला ८,४३,९४७ पौंड द्यावेत असे ठरले, आणि तडजोड झाली १९९२ मध्ये.

तिसरी गळती बाहेर पडण्याच्या दाराशी. अण्वस्त्रप्रसारबंदी करारातून बाहेर पडायला तीन महिन्यांची नोटीस लागते. उत्तर कोरियाने १९९३ मध्ये नोटीस दिली आणि ८९ दिवस झाल्यावर ती स्थगित केली. २००३ मध्ये त्यांचे म्हणणे असे की ८९ दिवस तेव्हाच भरले आहेत, आता एकच दिवस बाकी. नियम मोडतानाही हिशेब नियमाचाच! जपानचे वर्तन याहून कितीतरी सभ्य, पण दिशा तीच. २०१४ मध्ये न्यायालयाने अंटार्क्टिकातली त्याची 'संशोधनासाठी' चालणारी देवमाशांची शिकार बेकायदा ठरवली. जपानने एक हंगाम शिकार थांबवली, पुढच्या हंगामात वर्षाला ३३३ मिंके देवमाशांचा नवा 'संशोधन' कार्यक्रम आणला, आणि सागरी सजीवांविषयीचे वाद न्यायालयाच्या कक्षेतून वगळणारी सुधारित घोषणा केली. शेवटी ३० जून २०१९ रोजी तो आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगातूनच बाहेर पडला. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी: त्यानंतर अंटार्क्टिकातली शिकार थांबली आणि जपान आपल्याच समुद्रात परतला.

हे दार पूर्ण बंद करावे असे माझे मत नाही. बाहेर पडताच येणार नाही अशा करारात शहाणा देश शिरणारच नाही. प्रश्न आहे तो किल्ली कुणाकडे असावी हा. आज बहुतेक देशांत ती एकट्या सरकारकडे असते. दक्षिण आफ्रिकेत ती तशी नाही असे न्यायालयाने ठरवले. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम संविधीतून बाहेर पडण्याची नोटीस तिथल्या सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिली. फेब्रुवारी २०१७ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने संसदेच्या मंजुरीविना दिलेली ही नोटीस घटनाबाह्य ठरवली आणि सरकारला ती मागे घ्यावी लागली. रोम संविधी देशात लागू करणारा २००२ चा कायदा त्यामुळे जिवंत राहिला. २०२३ मध्ये पुतिन यांच्यावर याच फौजदारी न्यायालयाचे अटक वॉरंट निघाले आणि ब्रिक्स परिषद जोहान्सबर्गला भरणार होती, तेव्हा विरोधी पक्षाने याच कायद्याच्या आधारे न्यायालय गाठले. पुतिन आले नाहीत. पुढच्याच वर्षी ते मंगोलियाला गेले. मंगोलियाही त्याच संविधीचा सदस्य, पण तिथे अटक झाली नाही, स्वागत झाले.

ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्यानुसार अनुसमर्थनापूर्वी करार संसदेपुढे कामकाजाचे २१ दिवस ठेवावा लागतो, आणि युरोपीय संघातून बाहेर पडण्याची नोटीस संसदेच्या कायद्याविना देता येणार नाही असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले. भारतात घटनेचे कलम २५३ संसदेला करार लागू करणारे कायदे करण्याचा अधिकार देते. सही, अनुसमर्थन किंवा माघार यांपैकी कशासाठीही संसदेची आधी संमती घेणे सरकारवर बंधनकारक नाही. ब्रिटनची २१ दिवसांची अट तशी दुबळीच आहे, कारण तीत मतदान सक्तीचे नाही. मला तिच्यापेक्षा पुढे जावेसे वाटते: प्रत्येक अनुसमर्थनाबरोबर सरकारने राखीव अटी, वाद झाल्यास कोणते न्यायालय, कोणता देशांतर्गत कायदा बदलावा लागेल, कोणत्या खात्याला किती पैसे आणि प्रशिक्षण लागेल हे लेखी मांडावे, आणि करारातून किंवा न्यायालयाच्या अधिकारातून बाहेर पडण्याची नोटीस सभागृहात मतदान झाल्याशिवाय पाठवू नये.